बालकाला दिलेला शब्द

‘आता पुढे काय?’ हा प्रश्न माणूस जन्मभर विचारीत असतो. शेतकरी आभाळाकडे पाहून तो विचारतो, रुग्ण डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहून विचारतो, नोकरीच्या शोधात हिंडणारा तरुण रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या स्वतःलाच विचारतो. मोठ्या माणसांच्या या प्रश्नाला समाजात काही प्रतिष्ठा आहे. त्याचे उत्तर मिळावे म्हणून हवामानखाते असते, तपासण्यांचे अहवाल असतात, रेल्वेचे वेळापत्रक असते. परंतु हाच प्रश्न तीन वर्षांचे मूल विचारते, तेव्हा ‘गप्प बस, कळेल’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. त्याला उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे, की तो केवळ आपला चांगुलपणा आहे, असा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऊहापोह बालवर्गातील एका अगदी साध्या साधनाच्या आधारे करावयाचा आहे. ते साधन म्हणजे दिनक्रमाचा चित्रफलक.

आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक पालकांनी तो पाहिला असेल. बालवर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, पुठ्ठ्याची सात-आठ कार्डे एका ओळीत लावलेली असतात. एकावर जोडलेले हात, दुसऱ्यावर ढोलकी, तिसऱ्यावर रंगीत खडू, पुढे पाण्याचा नळ, खाऊचा डबा, घसरगुंडी, उघडलेले पुस्तक आणि सर्वांत शेवटी घर. प्रार्थना संपली की एक मूल पुढे येते, पहिले कार्ड काढते आणि ते खालच्या डब्यात टाकते. मग ढोलकीचे कार्ड पहिले होते. दिवस पुढे सरकत जातो तशी वरची ओळ लहान होते आणि डबा भरत जातो. या साधनाला पैसे लागत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, हातभर सुतळी आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटे एवढ्या साहित्यावर कोणतीही बालवाडी तो फलक तयार करू शकते.

फलकाचा उपयोग विचारला तर बहुधा उत्तर मिळते की, मुलांना शिस्त लागते, गडबड कमी होते आणि बाईंचा घसा वाचतो. हे खरेच आहे. परंतु एखाद्या गोष्टीचा उपयोग सांगितला म्हणजे तिचा अर्थ सांगितला, असे होत नाही. या फलकाचा अर्थ समजून घ्यावयाचा तर तो ज्यांच्यामुळे आकाराला आला, त्या मुलांकडे प्रथम वळले पाहिजे.

१९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या अवस्थेला आपण आज मराठीत स्वमग्नता म्हणतो, तिचे ते वर्णन होते. ही मुले स्वतःत रमलेली असत, भाषेचा वापर वेगळ्याच रीतीने करीत, आणि भोवतालच्या गोष्टींत लहानसा बदल झाला तरी विलक्षण अस्वस्थ होत. सारे काही जसेच्या तसे राहावे अशी त्यांची ओढ असते, हे कॅनर यांनी नोंदवून ठेवले. दुर्दैवाने पुढची काही दशके या मुलांच्या मातांवर ठपका ठेवण्यात गेली. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल असे झाले, असे विद्वान माणसे लिहीत होती. हा समज आज टाकून देण्यात आला आहे. पण तो टिकून होता तोवर कित्येक मातांनी नसलेल्या अपराधाचे ओझे वाहिले.

या समजाला ज्यांनी विरोध केला त्यांत एरिक शॉप्लर हे एक प्रमुख नाव होते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९६०च्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून शिक्षकाच्या शेजारी बसविले. १९७२ साली त्या राज्याने त्यांचे काम ‘टीच’ या नावाने राज्यभर नेले. त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली होती. यांतल्या पुष्कळ मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक कळते. बोललेला शब्द उच्चारताक्षणीच हवेत विरून जातो. चित्र मात्र जागेवर थांबते. शंका आली की मूल पुन्हा वळून त्याच्याकडे पाहू शकते. म्हणून दिवसाचा क्रम चित्रांनी मांडण्यात आला. ज्या मुलाला चित्रही कळत नाही त्याच्यासाठी प्रत्यक्ष वस्तू ठेवल्या जातात. हातात वाटी दिली म्हणजे आता जेवण, चेंडू दिला म्हणजे आता मैदान. २०२० साली त्याच विद्यापीठातील एका अभ्यासगटाने स्वमग्न मुलांसाठीच्या उपायांवरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. पुराव्यांनी सिद्ध झालेल्या २८ पद्धतींच्या त्यांच्या यादीत अशा दृश्य आधारांचाही समावेश आहे.

या इतिहासाचा बोध असा की, ज्याला मोठी माणसे हट्ट म्हणत होती, ती पुष्कळदा भीती होती. खेळ सोडून जेवायला उठवले म्हणून मूल जमिनीवर लोळण घेते. ते जेवणाला विरोध करीत असेल असे नाही. आपल्याला कोठे नेत आहेत आणि हा खेळ पुन्हा आयुष्यात मिळणार आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. स्वमग्न मुलात ही भीती प्रखर असते म्हणून ती आधी दिसली. सौम्य रूपात ती प्रत्येक लहान मुलात असते. इमारतीच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला म्हणजे म्हातारी माणसे आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आयाही त्यावरून जाऊ लागतात. तसेच या फलकाचे झाले आहे.

मुलाला ही भीती का वाटावी? कारण वेळ त्याला दिसत नाही. या संदर्भात एक रंजक हकिगत आहे. १९२८ साली स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथे आइन्स्टाइन यांनी मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यापुढे लहान मुलांच्या काळाच्या कल्पनेसंबंधी प्रश्न मांडला. त्याचा पाठपुरावा करून पियाजे यांनी १९४६ साली या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या एका प्रयोगात दोन बाहुल्या एकाच क्षणी निघत आणि एकाच क्षणी थांबत. मात्र त्यांतली एक वेगाने धावून अधिक दूर जाई. लहान मुले सांगत की, जी दूर गेली ती जास्त वेळ धावली. म्हणजे मुलाच्या लेखी अंतर आणि वेळ अजून एकमेकांपासून सुटे झालेले नसतात. अशा मुलाला आपण ‘पाच मिनिटांत येते’ असे सांगतो, तेव्हा त्याला मिळतो तो केवळ एक आवाज. पण ‘आधी हात धुवायचे, मग खाऊ’ हे त्याला समजते. किती वेळाने हे कळण्याच्या पुष्कळ आधी कशानंतर काय हे त्याला कळू लागते. चित्रफलक नेमका येथे उपयोगी पडतो. तो मुलाला घड्याळ शिकवीत नाही. तो त्याला क्रम दाखवितो.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला येथे संत ऑगस्टिनची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘कबुलीजबाब’ या आपल्या ग्रंथाच्या अकराव्या भागात त्याने काळाचे स्वरूप शोधण्याचा प्रयत्न केला आहे. भूतकाळ आता नाही, भविष्यकाळ अजून नाही, आणि वर्तमान तर हातात येण्यापूर्वीच निसटते. मग आपण मोजतो ते काय? ऑगस्टिनचे उत्तर असे की, काळ मनात नांदतो. गेलेल्याची स्मृती, समोरच्याचे अवधान आणि येणाऱ्याची अपेक्षा ही त्याची तीन रूपे. त्याने उदाहरण दिले आहे ते पाठ असलेल्या स्तोत्राचे. म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी संपूर्ण स्तोत्र अपेक्षेत असते. म्हणता म्हणता एकेक शब्द अपेक्षेतून उचलला जातो आणि स्मृतीत जमा होतो. शेवटी अपेक्षा रिकामी होते आणि सारे स्तोत्र स्मृतीत जाते.

बालवर्गातला फलक पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावा. वर टांगलेली ओळ ही अपेक्षा, खालचा डबा ही स्मृती, आणि ज्या क्षणी मूल आपल्या चिमुकल्या हाताने कार्ड काढते तो क्षण म्हणजे अवधान. ज्या गहन विषयावर विचारवंतांनी रात्री जागविल्या, तो विषय येथे पुठ्ठ्याच्या कपट्यांनी मुलाच्या हातात दिला आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. अपेक्षा हा मनुष्याच्या मनाचा एक तृतीयांश भाग असेल, तर ज्याला पुढचे काहीच सांगितले जात नाही, त्याच्या मनाचा तेवढा भाग आपण अंधारात ठेवीत असतो.

पूर्वीच्या मुलांना फलकाची गरज का पडली नाही, अशी शंका वडीलधारी मंडळी घेतील. शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या वसईच्या जुन्या वाडीतच सापडते. त्या वाडीतला दिवस मुलाला डोळ्यांनी दिसत असे आणि कानांनी ऐकू येत असे. पहाटे रहाटाचा आवाज सुरू झाला म्हणजे बागेला पाणी चालले. दुपारी म्हशी बावखलात उतरल्या म्हणजे आता घरात सामसूम होणार. आजीने फुले ओवायला घेतली म्हणजे उद्या दादरच्या बाजाराची तयारी. दिवसातून तीन वेळा चर्चची घंटा होई आणि कामातले हात क्षणभर थांबत. मुलाला तास मोजता येत नसत, पण दिवस वाचता येत असे, कारण तो त्याच्या भोवती उघडून ठेवलेला होता.

आज तो दिवस मिटला आहे. रहाटाच्या जागी मोटार आली, वाडीच्या जागी इमारत आली. आई पहाटेची विरार लोकल पकडते. वडिलांचे काम पाळीचे, कधी दिवसाचे तर कधी रात्रीचे. कुटुंबाचा सगळा क्रम आता मोठ्यांच्या मनगटावरील घड्याळात आणि खिशातील मोबाईलमध्ये आहे. तेथे मुलाची नजर पोचत नाही. त्याला एवढेच दिसते की, अचानक कोणी तरी उचलते, चपला घालते आणि कोठे तरी नेऊन ठेवते. म्हणून चित्रफलक ही परदेशातून आलेली नवी चूष आहे असे मला वाटत नाही. जी गोष्ट वाडी आपल्या मुलांना न मागता देत होती, ती आता जाणीवपूर्वक द्यावी लागत आहे, एवढाच फरक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुलाला पुढचे सांगणे हे कर्तव्य आहे का? सत्य बोलण्याच्या सद्गुणाची चर्चा करताना संत थॉमस अॅक्वायनस याने त्याचा संबंध न्यायाशी जोडला आहे. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : मनुष्य हा समाजात राहणारा प्राणी आहे, एकमेकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवल्याशिवाय माणसांना एकत्र राहता येणार नाही, म्हणून खरे बोलणे हे एक प्रकारे दुसऱ्याचे देणे आहे. येथे सत्य ही दानाची वस्तू राहत नाही, ते ऋण ठरते. मग हे ऋण किती वर्षांच्या माणसाचे असते? ज्याला मतदानाचा हक्क आहे त्याचेच? ज्याला लिहितावाचता येते त्याचेच? एकमेकांवरच्या विश्वासाने समाज टिकतो, हे मान्य केले तर त्या विश्वासाची पहिली वीट कोठे रचली जाते, हेही पाहिले पाहिजे. ती बालपणीच रचली जाते.

कोणी म्हणेल, मुलाला वचन कळत नाही, ते करार करू शकत नाही, मग त्याला दिलेला शब्द बंधनकारक कसा? मला वाटते, येथे उलटाच न्याय लागू होतो. बँकेचे कर्ज थकले तर नोटीस येते. शेजाऱ्याचे उसने पैसे राहिले तर चारचौघांत विषय निघतो. मुलाचे देणे थकले तर कोणी दारात येत नाही. त्याला वसुलीचे साधन नाही, साक्षीदार नाही, आणि तक्रार मांडण्याइतकी भाषाही नाही. ज्याच्यापाशी आपल्याला शब्द पाळायला लावण्याची शक्ती नाही, त्याला दिलेला शब्द केवळ आपल्या सचोटीच्या बळावर उभा असतो. म्हणून तो अधिक बंधनकारक मानला पाहिजे.

या दृष्टीने पाहिले तर चित्रफलक हे मुलांना बांधण्याचे साधन राहत नाही. तो बाईंनाही बांधतो. खाऊनंतर घसरगुंडीचे चित्र लावले, म्हणजे वर्गातील सर्वांत बलवान व्यक्तीने सर्वांत दुर्बल व्यक्तींना दिलेला तो जाहीर शब्द झाला. आणि येथेच या साधनाचा दुरुपयोग कसा होतो तेही स्पष्ट होते. ‘रंगकाम पुरे केले नाहीस तर घसरगुंडीचे कार्ड काढून टाकीन,’ अशी धमकी काही वर्गांत ऐकू येते. त्या क्षणी फलकाचे आमिष झाले. शिस्त हवीच, याविषयी दुमत नाही. घसरगुंडीवर जो दुसऱ्याला ढकलतो त्याला थोडा वेळ बाजूला बसविणे समजण्यासारखे आहे. त्या कृतीचा आणि परिणामाचा काही संबंध आहे. परंतु दिवसाचा क्रम हा बाईंच्या पाकिटातला पैसा नव्हे की, मर्जी असेल तेव्हा द्यावा आणि मर्जी फिरली की परत घ्यावा.

याहून सूक्ष्म दोष म्हणजे केवळ दाखविण्यासाठी टांगलेला फलक. पाहुणे येणार म्हणून सुबक कार्डे लागतात, छायाचित्रे निघतात, आणि मग महिनोन् महिने ती ओळ जागची हलत नाही. भिंतीवर खाऊचा डबा असतो आणि वर्गात पाढे चाललेले असतात. असा फलक नसलेला बरा. भिंतीवर लावलेले आणि प्रत्यक्षात घडणारे यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हा धडा मूल त्यातून शिकते. आणि मोठेपणी सूचनाफलक, जाहीरनामे, शपथा या सर्वांकडे ते त्याच नजरेने पाहू लागले, तर दोष कोणाचा?

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आयुष्य अनिश्चित आहे. मुलाला निश्चितीची सवय लावली तर ते पुढे कोलमडेल. आक्षेप वजनदार आहे. वसईकरांना तो वेगळा सांगायला नको. जुलैच्या एका पावसात रस्ते पाण्याखाली जातात, गाड्या थांबतात आणि सगळे बेत वाहून जातात. परंतु चांगल्या बाई फलकावर बदलासाठीही एक कार्ड ठेवतात. पाऊस आला तर त्या मुलांसमोर घसरगुंडीचे कार्ड काढतात, त्या जागी बदलाचे कार्ड लावतात, कारण सांगतात आणि त्याऐवजी वर्गात कोणता खेळ होईल ते दाखवितात. मूल हिरमुसते, पण ते फसत नाही. जग बदलते, पण माणसे मला फसवीत नाहीत, हा अनुभव त्याला येतो. अनिश्चिततेला तोंड देण्याचे बळ यातूनच येते. रोज गोंधळात टाकल्याने मूल कणखर होते, असे मानणे म्हणजे रोज ठेचा लागल्याने पाय मजबूत होतात असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. बालपणाचे तुकडे करून ते वेळापत्रकाच्या चौकटीत बसविणे म्हणजे कारखान्याचा भोंगा तीन वर्षांच्या मुलापर्यंत आणणे नव्हे काय? मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मूल कामात तल्लीन झाले असता त्याला मध्येच उठवू नये, असा त्यांचा आग्रह होता. तो योग्यच आहे. ज्या फलकावर दर पंधरा मिनिटांना एक कार्ड उलटते, तो फलक मुलाचा मित्र नाही. कार्डे थोडी असावीत, आणि त्यांतले एक मोठे, मोकळे असावे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ साली गरीब मुलांसाठी जी प्रसिद्ध बालशाळा सुरू झाली, तिच्यातून विकसित झालेल्या पद्धतीत मूल आधी काय करणार ते स्वतः ठरविते, मग ते करते, आणि शेवटी काय केले ते सांगते. क्रमाची चौकट मोठ्यांची, पण तिच्यातला एक कोपरा मुलाच्या मालकीचा. उद्याचा थोडासा भाग तरी आपल्या हातात आहे, हे ज्याला लहानपणी कळले नाही, त्याला मोठेपणी स्वातंत्र्य मिळाले तरी त्याचे काय करावे हे उमगत नाही.

या संदर्भात आपल्याच पट्ट्यातील एक थोर उदाहरण आठवते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाड्यांवरची आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच, शाळाच मुलांच्या अंगणात नेण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. अंगणवाडी ही कल्पना त्या अनुभवातून वाढली, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो शब्द देशभर पोचला. ताराबाईंच्या त्या पावलात एक नैतिक तत्त्व आहे. अंतर दोघांत असेल तर ते चालून जाण्याची जबाबदारी समर्थाची आहे. त्यांनी जागेचे अंतर ओलांडले. चित्रफलक लावणारी अंगणवाडीची ताई काळाचे अंतर ओलांडते. मुलाने आपल्या घड्याळापर्यंत यावे म्हणून ती वाट पाहत बसत नाही. आपला दिवस घेऊन ती मुलाच्या डोळ्यांपर्यंत खाली वाकते.

हे केवळ वर्गापुरते राहू नये. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाविषयी आता घराघरात बोलले जाते. परंतु कोणतीही शाळा जे बांधते, ते घर एका वाक्यात पाडू शकते. ‘मी आत्ता येते’ असे म्हणून मूल खेळण्यात गुंतले की आई डोळा चुकवून निघून जाते. ‘डॉक्टर काही करणार नाहीत’ असे सांगून त्याला सुई टोचायला नेले जाते. हेतू वाईट नसतो. मुलाचे रडणे टाळायचे असते. परंतु रडणे टळत नाही, ते फक्त उशिरा येते, आणि येताना अविश्वासाला सोबत घेऊन येते. ‘मी कामाला जाते, तू जेवशील, झोपशील, उठशील, मग मी येईन,’ असे सांगून गेलेल्या आईचे मूलही रडते. पण त्याच्या रडण्याला तळ असतो. त्याला आईचे जाणे दिसलेले असते, म्हणून तिच्या येण्याची वाट पाहता येते.

आणि हा प्रश्न मुलांपाशीही थांबत नाही. आपल्या समाजात ज्यांचा वेळ दुसऱ्याच्या हातात आहे, अशा सर्वांचा तो प्रश्न आहे. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाला आपला क्रमांक केव्हा येईल हे कोणी सांगत नाही. थोरल्या मुलाकडून धाकट्याकडे न्यायचे ठरलेल्या म्हातारीला ते ठरल्याचे कळते, तेव्हा तिची पिशवी भरून झालेली असते. स्मृती हरवत चाललेले आजोबा दर दहा मिनिटांनी ‘आता काय?’ विचारतात आणि घरची माणसे चिडतात. त्यांच्या खोलीत ठळक अक्षरांत किंवा चित्रांत दिवसाचा क्रम लावून ठेवता येईल, हे फारसे कोणाला सुचत नाही. ताटकळत राहणे बहुतेक वेळा दुर्बलांच्या वाट्याला येते. दुसऱ्याला त्याच्या पुढच्या घटकेविषयी अंधारात ठेवणे ही सत्तेची एक जुनी रीत आहे, आणि ती आपण सर्वांत प्रथम मुलांवर चालवितो, कारण तेथे आपल्याला कोणी जाब विचारीत नाही.

तेव्हा ज्याला स्वतःचा दिवस स्वतः ठरविता येत नाही, त्याला तो निदान दाखविला तरी पाहिजे. जो दाखविला तो पाळला पाहिजे. आणि पाळता आला नाही तर त्याच्यासमोर, त्याला समजेल अशा रीतीने बदलला पाहिजे. एवढे केले म्हणजे मुलाविषयीचे आपले सारे कर्तव्य संपले, असे मुळीच नाही. पुठ्ठ्याच्या कार्डाने कोणाला माया मिळत नाही. पण ज्या मायेला सांगणे आणि शब्द पाळणे जमत नाही, ती मायाही मुलाला फार काळ पुरत नाही.

त्या ओळीतले शेवटचे कार्ड घराचे असते. इतर सर्व कार्डे खरी करणे बाईंच्या हातात आहे. त्या गाणी घेतील, खाऊ वाढतील, गोष्ट सांगतील. शेवटचे कार्ड मात्र त्यांना एकट्याने खरे करता येत नाही. एकेक मूल निघून जाते, डबा भरून जातो, आणि वर टांगलेल्या त्या घराच्या चित्राकडे पाहत कोणी तरी एक मूल दप्तर पाठीवर घेऊन बसलेले असते. बाईंनी सकाळी ते कार्ड लावले, ते आपल्या वतीने लावले आहे. दाराशी वेळेवर पोचून तो शब्द पाळणे आपले काम आहे.